सोळा की साडेबारा? : वर्तुळाच्या क्षेत्रफळाची कहाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा हा शिक्षक एखाद्या लेणीविषयी किंवा एखाद्या सत्याग्रहाविषयी लिहील, अशीच त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र वर्तुळाच्या क्षेत्रफळाविषयी लिहितो आहे. विषय गणिताचा असला तरी त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक लहानसा तुकडा माझ्या घरात घडलेला आहे. तेथूनच आरंभ करतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, विहिरी खोदणाऱ्या टोळीत काम करीत. मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा टोळीने नुकतीच एक विहीर पुरी केली होती. व्यास २० फूट, खोली पाच परस, म्हणजे सुमारे ३० फूट. मजुरी ब्रासवर ठरलेली होती; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हिशोबाच्या दिवशी गुत्तेदाराने विहिरीच्या काठाभोवती टेप फिरवला. घेर भरला ६३ फूट. त्याने ६३ चे चार भाग केले. एक भाग झाला पावणेसोळा फूट. पावणेसोळाला पावणेसोळाने गुणून त्याने विहिरीचे तोंड २४८ चौरस फूट धरले, त्याला ३० ने गुणले आणि सुमारे ७४ ब्रासांचे पैसे टोळीच्या हाती ठेवले.

मी नुकतेच शाळेत सूत्र पाठ केले होते : वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. पाय म्हणजे ३.१४, त्रिज्या १० फूट, तिचा वर्ग १००. उत्तर ३१४. म्हणजे विहिरीचे तोंड २४८ नव्हे, ३१४ चौरस फूट होते आणि काम ७४ नव्हे, ९४ ब्रासांचे होते. वीस ब्रासांची मजुरी बुडाली होती. काढलेल्या प्रत्येक पाच पाट्यांतील एक पाटी फुकट गेली होती. मी मोठ्या ऐटीत हे आबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “ह्ये तीन-चौदा कुठून आणलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुस्तकात आहे, गुरुजींनी सांगितले आहे, एवढेच मी म्हणू शकलो. आबा म्हणाले, “मग त्यो म्हणंल, माझ्या बापानं सांगितलंय.” विषय तेथेच संपला.

आबांचा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. तो पुरावा मागणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. पुढे इतिहासात एम. ए. करताना साधन कोणते, त्याला आधार काय, हे विचारायला मी शिकलो आणि तेव्हा मला कळले, की हे शिक्षण आपल्याला आधीच मिळाले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

एकच दोरी, निरनिराळी जागा

प्रथम गुत्तेदाराच्या रीतीत चूक कोठे होती ते पाहू. घेराचे चार भाग करून एका भागाचा वर्ग करणे, म्हणजे गोल विहिरीभोवतीची दोरी सोडवून तिचा चौरस बनवणे आणि त्या चौरसाची जागा मोजणे. दोरी तीच असल्यामुळे आतली जागाही तेवढीच असणार, असे कोणालाही वाटेल. पण तसे नसते. ६३ फुटांच्या दोरीने ३० फूट लांब आणि दीड फूट रुंद असा आयत केला तर आत ४५ चौरस फूट जागा मावते. २० फूट लांब आणि साडेअकरा फूट रुंद आयत केला तर २३० मावते. चौरस केला तर २४८. आणि तीच दोरी गोल मांडली तर सुमारे ३१६. दोरीची लांबी कायम ठेवून जास्तीत जास्त जागा व्यापणारी आकृती म्हणजे वर्तुळ. गोल वस्तूचा चौरस करून हिशोब केला, की मोजणी नेहमी कमीच भरणार. गोल खोदणाऱ्याचे त्यात नुकसान ठरलेले.

मग ही रीत आली कोठून? ती काही गुत्तेदाराने रचलेली नव्हती. लाकडाच्या व्यापारात इंग्रजांच्या काळापासून ओंडका असाच मोजला जाई : घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तेथे तिला कारण आहे. ओंडका चौकोनी कापताना कडेच्या फळकुटांत लाकूड वाया जाते; ती तूट आधीच वजा व्हावी म्हणून ही रीत. विहिरीतून निघालेल्या मुरमात मात्र वाया जाणारे काहीच नसते. आतला शेवटचा खडासुद्धा कोणाच्या तरी डोक्यावरून वर आलेला असतो. वखारीतली रीत विहिरीच्या काठावर आली आणि तिच्यामागचे कारण वखारीतच राहिले. गुत्तेदाराने जाणूनबुजून फसवले, की तोही परंपरेने फसलेला होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. टोळीच्या हातात पडलेल्या पैशांत मात्र त्याने काही फरक पडत नाही.

चौकटी मोजून

आता ‘तीन-चौदा’कडे वळू. पाय हा शब्द क्षणभर विसरा आणि चौकटीची वही घ्या. चौकटींच्या रेघा जेथे एकमेकींना छेदतात, असा एक बिंदू मध्य धरून १० चौकटी त्रिज्येचे वर्तुळ काढा. एक चौकट म्हणजे एक चौरस फूट समजले, की हीच आबांची विहीर झाली. सगळे वर्तुळ मोजण्याची गरज नाही, पाव भाग पुरे.

पाव भागात संपूर्णपणे वर्तुळाच्या आत असलेल्या चौकटी मोजा. त्या ६९ भरतात. त्यांत, वर्तुळाची रेघ ज्यांना कापून जाते अशा १७ चौकटी मिळवा. बेरीज ८६ होते. आता दोन्ही संख्यांना चाराने गुणा : २७६ आणि ३४४. विहिरीचे तोंड २७६ पेक्षा कमी असणे शक्य नाही, कारण तेवढ्या चौकटी पूर्णपणे आत आहेत. ते ३४४ पेक्षा अधिकही असू शकत नाही, कारण त्या चौकटींबाहेर वर्तुळ कोठेच जात नाही. कापल्या गेलेल्या चौकटी सरासरी अर्ध्या धरल्या, तर २७६ अधिक ३४, म्हणजे ३१०. खऱ्या उत्तरापासून आपण अवघे चार चौरस फूट दूर आहोत, आणि अजून एकही सूत्र वापरलेले नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. गुत्तेदाराचा आकडा २४८ होता. चौकटी मोजून निघालेली सर्वांत कमी, कोणालाही नाकारता न येणारी मर्यादा २७६ आहे. ‘तीन-चौदा’ खरे की खोटे, या वादात शिरण्याची आवश्यकताच नव्हती. ज्याला बेरीज येते त्याला ही मोजणी समजते.

अंदाज आणि अदमास यांना आपण कमी लेखतो. परंतु ‘कमीत कमी एवढे, जास्तीत जास्त एवढे’ असे दोन्ही बाजूंनी बांधलेले अनुमान हे नुसते अनुमान राहत नाही, तो पुरावा होतो. याहून बारीक चौकटी घेतल्या, तर दोन मर्यादा एकमेकींच्या अधिक जवळ येतात. काम वाढते, पण मार्ग बदलत नाही.

इजिप्तपासून सिरॅक्यूजपर्यंत

हा प्रश्न मानवाला फार पूर्वीपासून पडलेला आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने एका जुन्या ग्रंथावरून नक्कल केलेला पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील एक उदाहरण गोल शेताचे आहे. व्यास ९ एकक, तर क्षेत्रफळ किती? रीत अशी : व्यासातून त्याचा नववा हिस्सा वजा करा, उरलेल्या ८ चा वर्ग करा, उत्तर ६४. आपल्या विहिरीला ही रीत लावली तर ३१६ येते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशोब आमच्या गावच्या हिशोबापेक्षा कितीतरी प्रामाणिक होता.

त्यानंतर सिसिली बेटावरील सिरॅक्यूज नगरातील आर्किमिडीज येतो. त्याचा मृत्यू इसवी सनापूर्वी २१२ मधला. वर्तुळाच्या मापनावरील लहानशा ग्रंथात त्याने आपल्या चौकटींसारखीच दोन्ही बाजूंनी कोंडी केली. मात्र चौकटींऐवजी त्याने बहुभुज वापरले, एक वर्तुळाच्या आत बसणारा आणि एक बाहेरून वेढणारा. त्याचा आरंभ षटकोनापासून होतो. विहिरीच्या काठावर त्रिज्येएवढ्या, म्हणजे १०-१० फुटांच्या अंतरावर खुंट्या ठोकत गेले, तर बरोबर सहा खुंट्यांत फेरी पूर्ण होते. त्यांना दोरीने जोडले की झाला षटकोन. तो विहिरीच्या तोंडात पूर्णपणे मावतो आणि तरीही त्याचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस फूट भरते. म्हणजे वहीसुद्धा नको; सहा खुंट्या आणि एक दोरी एवढ्यावर २४८ चा आकडा खोटा ठरला असता.

बाजू दुप्पट केल्या की आतला बहुभुज वर्तुळाला अधिक चिकटतो. १२ बाजूंचा ३०० चौरस फूट भरतो, २४ बाजूंचा ३१० हून किंचित अधिक, ४८ बाजूंचा ३१३ च्या पुढे. आर्किमिडीज ९६ बाजूंपर्यंत गेला. पाय ही संख्या २२३ भागिले ७१ पेक्षा मोठी आणि २२ भागिले ७ पेक्षा लहान आहे, असे त्याने सिद्ध केले. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगायचे तर तोंड ३१४.०८ आणि ३१४.२९ या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. शाळेत आपण घोकलेला ‘बावीस सप्तमांश’ हा मुळात एका कोंडीचा वरचा काठ होता.

आर्यभटाचा एक शब्द

पण परीघ आणि क्षेत्रफळ यांचा संबंध काय? दोन्हीकडे तोच पाय का येतो? यासाठी कागदाचे वर्तुळ कापून त्याच्या १६ सारख्या पाकळ्या करा. त्या एक टोक वर, एक टोक खाली अशा एकमेकींत गुंतवून ओळीने मांडा. जवळजवळ आयत तयार होतो. त्याची उंची म्हणजे त्रिज्या आणि लांबी म्हणजे अर्धा परीघ. पाकळ्या जितक्या बारीक, तितका आयत नेमका. म्हणून वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परीघ गुणिले त्रिज्या. आपल्या विहिरीत ३१.४ गुणिले १०, म्हणजे पुन्हा ३१४.

हाच नियम इसवी सन ४९९ मधील आर्यभटीयात आहे : अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास. त्याच ग्रंथात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितलेला आहे. म्हणजे पाय ३.१४१६, चौथ्या दशांश स्थळापर्यंत अचूक. पण या आकड्यापेक्षाही त्यासोबत आलेला एक शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. तो शब्द आहे ‘आसन्न’, म्हणजे जवळचा. आपला आकडा अंतिम नाही, जवळचा आहे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्या ग्रंथकाराकडे होता. पुढे १७६१ मध्ये लॅम्बर्ट या गणितज्ञाने सिद्ध केले, की पाय कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या भागाकाराने नेमका मांडताच येत नाही. म्हणजे ‘आसन्न’ हा शब्द केवळ त्या काळापुरता नव्हता. आपण कितीही दशांश स्थळे लिहिली तरी उत्तर जवळचेच राहणार.

इसवी सन ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन गुणोत्तरे दिली. सूक्ष्म हिशोबासाठी ३९२७ भागिले १२५०, आणि व्यवहारासाठी २२ भागिले ७. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडला आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी एक शल्यही वाटते. व्यवहारासाठी सांगितलेले गुणोत्तर शतकानुशतके याच भूमीत होते. पण ज्यांचा व्यवहार विहिरी खोदण्याचा, भिंती रचण्याचा, ओझी वाहण्याचा होता, त्यांना अध्ययनाचा अधिकार जन्मानेच नाकारलेला होता. एका हातात गणित आणि दुसऱ्या हातात कुदळ, असे हे हात एकमेकांना भेटले नाहीत. त्या न भेटण्याची किंमत माझ्या घरी वीस ब्रास होती.

घरी करून पाहण्यासाठी

आता थोडे उपयोगाचे. आपल्या पालकांत शेतकरी आहेत, गवंडी आहेत; माजी विद्यार्थ्यांत कंत्राटी कामे घेणारेही आहेत. त्यांच्यासाठी काही रीती सांगतो.

व्यास मोजता येत असेल तर व्यासाचा वर्ग करा, त्याला ११ ने गुणा आणि १४ ने भागा. २० फूट व्यासाला ४०० गुणिले ११ भागिले १४, म्हणजे ३१४ हून किंचित अधिक. ही रीतही आर्किमिडीजच्या त्याच ग्रंथात आहे.

विहीर किंवा खड्डा क्वचितच अगदी गोल असतो. म्हणून व्यास एकाच दिशेने मोजून थांबू नका. सर्वांत लांब आणि त्याला काटकोनात, असे दोन व्यास घ्या. दोहोंचा गुणाकार करून त्याला ११ ने गुणा व १४ ने भागा. एक व्यास २१ फूट आणि दुसरा १९ फूट निघाला, तर उत्तर ३१३.५ येते.

मध्यापर्यंत पोहोचता येत नसेल तर घेरावरून हिशोब करा. वर्तुळाच्या घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागले की क्षेत्रफळ मिळते. तोंडी हिशोबाला साडेबारा पुरे. सांचीचा महास्तूप हे याचे उत्तम उदाहरण. तो आतून भरीव आहे, त्यामुळे आरपार टेप धरणे अशक्य. पण त्याला फेरी घालता येते. त्याचा व्यास सुमारे ३६.६ मीटर, म्हणजे घेर सुमारे ११५ मीटर. ११५ चा वर्ग १३,२२५, त्याला १२.५७ ने भागले की तळाची जागा सुमारे १,०५० चौरस मीटर. गुत्तेदाराच्या रीतीने घेराचा चौथा हिस्सा घेऊन वर्ग करणे म्हणजे त्याच वर्गाला सोळाने भागणे. तसे केले तर सुमारे ८२७ येते; स्तूपाखालची सव्वादोनशे चौरस मीटर जमीन नाहीशी होते! म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वाक्य पाठ करायला लावतो : घेराचा वर्ग सोळाने नाही, साडेबाराने भागावा.

शेवटची सावधगिरी टेपची. वर्तुळात लांबीची लहान चूक क्षेत्रफळात दुप्पट प्रमाणात उमटते. २० फुटांचा व्यास कोणी साडेएकोणीस धरला, तर चूक अर्ध्या फुटाची दिसते. पण तोंड सुमारे साडेपंधरा चौरस फुटांनी कमी भरते आणि ३० फूट खोलीत साडेचार ब्रासांहून अधिक काम हिशोबाबाहेर जाते. टेप धरताना त्याचे दुसरे टोक आपल्या माणसाच्या हातात असावे.

आबांना द्यायचे उत्तर

आमच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका रजेवर गेल्या, की आठवी-नववीचा तास अनेकदा माझ्याकडे येतो. मी सूत्र फळ्यावर लिहीत नाही. मुलांना चौकटीची वही उघडायला सांगतो. वर्ग शांतपणे मोजू लागतो. कोणाचे ६८ येतात, कोणाचे ७०. मग शेजारी-शेजारी वह्या ताडून पाहतात आणि अखेरीस सगळे ६९ वर येतात. मी ‘बरोबर’ म्हणण्याची वाट कोणी पाहत नाही, कारण उत्तर माझ्याकडून आलेलेच नसते. एका मुलीने एकदा मला विचारले, “सर, मग ३.१४ पाठ कशाला करायचं?” मी म्हणालो, “वेळ वाचावा म्हणून. पण कोणी विचारलं तर मोजून दाखवता आलं पाहिजे.”

आबा आता नाहीत. त्या विहिरीचे पैसे कधीच मिळाले नाहीत. पुढच्या कामाला त्यांच्या टोळीने हिशोब घेरावर न करता व्यासावर करण्याची अट घातली, एवढे मला आठवते. तीही त्यांनी माझ्या सूत्रामुळे नव्हे, तर शेजारच्या गावातील टोळीचे ऐकून घातली होती.

त्या दिवाळीत माझ्या दप्तरात चौकटीची वही होती. ओसरीवर बसून आबांना त्या चौकटी मोजून दाखवायला पाऊण तास पुरला असता. मोजणी त्यांना येत होतीच; रोजच्या पाट्या तेच तर मोजत. ‘तीन-चौदा कुठून आणलंस’ या प्रश्नाचे उत्तर दप्तरात घेऊन मी त्यांच्यासमोर गप्प उभा राहिलो, कारण शाळेने मला उत्तर दिले होते, ते मिळवायचे कसे हे दिले नव्हते. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांवर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.